अप्रेंटिस : महाराष्ट्रातील कारखान्यांतल्या उमेदवारीचा इतिहास

महाराष्ट्रातील यंत्र-कारखान्यांमध्ये अप्रेंटिसची जागा कायम विद्यार्थी आणि कामगार यांच्या मधली राहिली आहे. तो कामगारांच्याच फाटकातून आत येतो, त्यांच्याच भोंग्यावर जेवायला उठतो आणि त्यांच्यासारखेच तेलकट हात घेऊन घरी जातो. महिनाअखेर त्याला मिळते ते मात्र विद्यावेतन. युनियनच्या सभेत त्याला मत नसते, बोनसच्या यादीत त्याचे नाव नसते आणि मुदत संपली की त्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागते. कायद्यापासून कँटीनच्या रांगेपर्यंत अप्रेंटिसचे सगळे आयुष्य या मधल्या जागेने घडवले. उत्तम कारागीर तयार झाले तेही याच जागेतून, आणि अन्याय झाला तोही इथेच.

कारखाने येण्यापूर्वी हे शिक्षण घरात होत असे. लोहाराचा मुलगा भात्याजवळ, तांबटाचा ठोक्याजवळ, सुताराचा रंध्याजवळ बसूनच मोठा व्हायचा. जातीबाहेरच्या मुलाला ही दारे सहसा बंद असत. इंग्रजी अमलात पहिला कायदा झाला तो १८५० मध्ये. अनाथ आणि गरीब मुलांना धंदा शिकण्यासाठी एखाद्या मालकाशी कराराने बांधून देता यावे, यासाठी तो केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना तो लागू होता. त्याचा रोख उद्योगधंद्यापेक्षा धर्मादायाकडे होता. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’चा हेतू वेगळा, म्हणजे सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करण्याचा होता. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले.

कारखान्यातली खरी उमेदवारी रेल्वेबरोबर आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि इंजिने, डबे, चाके दुरुस्त करणाऱ्या माणसांची गरज लगेच भासू लागली. जीआयपी रेल्वेची कार्यशाळा आधी भायखळ्याला होती. १८७९ मध्ये ती परळला आली. बीबीसीआय रेल्वेची कार्यशाळाही परळ भागातच उभी राहिली. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता. या ठिकाणी बॉयलर, ओतशाळा, लेथ, वाफेचे हातोडे एका छपराखाली होते आणि त्यांवर काम शिकायला हजारो हात लागत होते. पण शिकण्याचेही दोन जिने होते. फोरमन, चार्जमन, ड्रायव्हर या जागांकडे जाणारी उमेदवारी बहुधा युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी असे. मराठी, उत्तर भारतीय आणि इतर देशी मुलांच्या वाट्याला मिस्त्रीच्या हाताखालचे काम येई. रेल्वेने बिहारमधील जमालपूरच्या कार्यशाळेत १९२७ पासून ‘स्पेशल क्लास’ अप्रेंटिस घ्यायला सुरुवात केली. त्यांना चार वर्षांच्या शिक्षणानंतर अधिकारी व्हायचे होते. फिटरच्या बाकाजवळ उभा राहून तीच कानस चालवणारा दुसरा मुलगा मात्र फिटरच होणार होता.

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाले. गिरण्या आणि यंत्रशाळा यांना लागणारी तांत्रिक माणसे देशातच तयार व्हावीत, हा त्यामागचा विचार होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर या संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकले आणि मग तिथेच शिकवूही लागले. बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला गेले. तिथे सायकलींचे दुकान, चाऱ्याच्या कडबा-कुट्टी यंत्रांचे काम आणि लोखंडी नांगर अशी त्यांची वाटचाल झाली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

किर्लोस्करवाडीचे महत्त्व केवळ नांगरापुरते नाही. तिथे कामाला आलेली माणसे आसपासच्या खेड्यांतली होती. त्यांच्यापैकी अनेकांनी त्यापूर्वी लेथ पाहिलाही नव्हता. शेतात औत धरणाऱ्याला साच्यात वाळू ठोकायला, ओतीव भागाची कड घासायला आणि बर्म्याने सरळ भोक पाडायला शिकवावे लागले. हे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमाने झाले नाही. जाणत्या माणसाशेजारी नवखा उभा करायचा, त्याच्या हातून माल बिघडला तर तो वितळवून पुन्हा ओतायचा, अशी पद्धत होती. कारागिरीसाठी विशिष्ट जातीत जन्मावे लागत नाही, हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते अशा कारखान्यांत. या दृष्टीने किर्लोस्करवाडीकडे अजून पुरेसे पाहिले गेलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र झपाट्याने बदलले. दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्करी दुरुस्तीशाळांना कुशल कामगार तातडीने हवे होते. सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे काढली आणि ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या नावाच्या योजनेखाली १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या तिकडच्या कारखान्यांत शिकायला पाठवल्या. काही महिन्यांत माणूस तयार करता येतो, असा अनुभव या केंद्रांतून आला. त्यातूनच स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे गावोगावच्या आयटीआय, उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवण्यासाठी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली.

आयटीआयचे शिक्षण पुरेसे नव्हते. शाळेतल्या लेथवर एक जॉब दिवसभर करता येतो; कारखान्यात तोच जॉब दिवसाला शेकड्याने आणि तेवढ्याच अचूकपणे करावा लागतो. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद, यंत्रे, अवजड उद्योग यांवर भर होता, आणि मोठे कारखाने मनात आले तर अप्रेंटिस घेत, नाहीतर घेत नसत. म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि १९६२ च्या मार्चपासून अमलात आला. त्याने नेमून दिलेल्या उद्योगांना नेमून दिलेल्या धंद्यांत, कामगारांच्या संख्येच्या प्रमाणात अप्रेंटिस घेणे सक्तीचे केले. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, ग्राइंडर, वेल्डर, मोल्डर, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर असे ते धंदे होते.

या कायद्यातल्या बारीक तरतुदींनीच अप्रेंटिसचे रोजचे आयुष्य ठरवले. किमान वय १४ वर्षांचे होते. उमेदवार अज्ञान असेल तर करारावर वडिलांची किंवा पालकाची सही लागे आणि तो करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावा लागे. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने मूलभूत प्रशिक्षणासाठी स्वतःची वेगळी शाळा काढावी, लहान कारखान्यांनी आपली मुले सरकारी केंद्रात पाठवावीत, असे ठरले. पहिल्या टप्प्यात आठवड्याला ४२ तास, पुढे वाढत वाढत इतर कामगारांइतके. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात सल्लागाराच्या परवानगीशिवाय कामाला लावायचे नाही, आणि ओव्हरटाइमलाही तीच अट. वर्षाला १२ किरकोळ रजा आणि १५ वैद्यकीय. तुकड्यावर, म्हणजे जितके नग तितके पैसे या हिशोबाने, विद्यावेतन द्यायचे नाही. शिकणाऱ्या मुलाला घाईची सवय लागू नये म्हणून घातलेली ही अट या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची अट म्हटली पाहिजे.

पण त्याच कायद्याच्या अठराव्या कलमाने अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे स्पष्ट लिहिले आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत असे सांगितले. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई एवढ्यापुरते त्याला कामगाराचे संरक्षण राहिले. बाविसाव्या कलमाने आणखी एक गोष्ट ठरवली : मुदत संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि ती स्वीकारणे अप्रेंटिसवरही नाही, करारातच तशी अट असेल तर मात्र ती दोघांनी पाळायची. कागदावर ही दोन्ही बाजूंना दिलेली मोकळीक होती. नोकऱ्या कमी आणि मुले अधिक अशा देशात ती मालकाच्याच उपयोगी पडली.

कायदा आला त्याच सुमाराला पुण्याचा पट बदलत होता. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होते, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० च्या दशकात उभे राहिले होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांच्या शेतांवर शेडची छपरे चढू लागली. टाटांची टेल्को कंपनी १९४५ पासून जमशेदपूरला रेल्वे इंजिने आणि १९५४ पासून डायम्लर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी करत होती. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तिने पुण्याला दुसरा कारखाना काढला. मुळगावकरांनी इथे क्रम उलटा लावला. आधी यंत्रहत्यारे करणारा विभाग आणि माणसे घडवणारा प्रशिक्षण विभाग, नंतर गाड्या. पुण्यात पहिले व्यापारी वाहन तयार झाले ते १९७७ मध्ये; तोपर्यंत इथल्या अप्रेंटिसांच्या अनेक तुकड्या बाहेर पडल्या होत्या. गाड्यांचे भाग बनवणारे साचे, जिग आणि फिक्स्चर बाहेरून न आणता आपल्याच माणसांनी करावेत, हा त्यामागचा हिशोब होता आणि त्यासाठी हाताची अचूकता लागणार हे त्यांना ठाऊक होते.

अशा कारखान्यात अप्रेंटिस म्हणून निवड होणे ही १९७० आणि ८० च्या दशकांत मध्यमवर्गीय आणि शेतकरी घरांसाठी मोठी बाब होती. दहावीचे गुण, लेखी परीक्षा, तोंडी मुलाखत आणि मग वैद्यकीय तपासणी असे टप्पे असत. दहावीनंतर थेट येणाऱ्याला फिटरची पूर्ण तीन वर्षे करावी लागत. आयटीआय करून आलेल्याची दोन वर्षे त्यात धरली जात आणि त्याला एकच वर्ष उरे. सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाडा इथून आलेली मुले चिंचवड-आकुर्डीला कॉट बेसिसवर राहत. एका खोलीत पाच-सहा कॉट, पाळी वेगळी असेल तर एकाच कॉटवर दोघांचा मुक्काम. जेवण खाणावळीत, महिन्याचे पास घेऊन. विद्यावेतनातून खोलीचे भाडे आणि खाणावळ भागली की घरी पाठवायला थोडेच उरे, तरी पहिल्या महिन्याची मनीऑर्डर बहुतेक जण करत.

प्रशिक्षण शाळेतले पहिले महिने कानशीचे असतात. मशीनकडे जाऊ दिले जात नाही. बाकाला शिकंजा, म्हणजे व्हाइस, घट्ट बसवलेला असतो आणि त्याची उंची शिकणाऱ्याच्या कोपराइतकी असावी लागते. त्यात तळहाताएवढा माइल्ड स्टीलचा तुकडा पकडून तो सपाट आणि काटकोनात करायचा, एवढेच काम. कानशीची मूठ उजव्या तळव्यात, अंगठा वर. डाव्या हाताचा तळवा कानशीच्या टोकावर. डावा पाय पुढे. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना दाब सोडायचा. ऐकायला हे पाच मिनिटांचे आहे. करताना नवख्याची कानस प्रत्येक फेऱ्यात किंचित डोलते, त्यामुळे तुकड्याच्या दोन्ही कडा खाल्ल्या जातात आणि मधला भाग उंच राहतो. मुलगा इन्स्ट्रक्टरकडे जॉब घेऊन जातो. इन्स्ट्रक्टर त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, टेकवून तो खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि गुण्याच्या पात्याखालून कडेने प्रकाशाची रेघ दिसते. तो एक शब्दही न बोलता जॉब परत करतो.

मग मुलगा पुन्हा बाकाकडे. आधी रफ कानस, मग सेकंड कट, मग स्मूथ. कानशीच्या दातांत बुर अडकला की तो पृष्ठभागावर ओरखडा काढतो, म्हणून दातांवर खडू घासायचा आणि तारेच्या ब्रशने कानस साफ ठेवायची. घासलेल्या पृष्ठभागावरून बोट फिरवायचे नाही. हाताचा घाम-तेल लागले की तिथे कानस घसरते, कापत नाही. आठवड्यात तळव्याला फोड येतात, ते फुटतात, तिथे घट्टे पडतात. सपाटपणा आला की सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब हलकेच घासून पाहायचा. जिथे निळे लागले ते उंचवटे. ते तेवढेच घासायचे. मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तांबूस करायचा, त्यावर स्क्राइबरने रेघ आखायची, रेघेवर डॉट पंचाच्या खुणा मारायच्या, हॅकसॉने कापताना खुणेचा अर्धा ठिपका शिल्लक राहिला पाहिजे. त्यानंतर छिन्नी-हातोडीने चिपिंग, बर्मा, टॅप मारून आटे पाडणे, आणि शेवटी नर-मादी जोड : एका तुकड्यात खाच, दुसऱ्यात तिच्यात बसणारा भाग. कुठल्याही बाजूने फिरवून बसवला तरी फीलर गेजचे पाते आत शिरता कामा नये.

ज्याच्या हाताला सपाट म्हणजे काय हे कळले, त्याला पुढे मशीनवरची चूक डोळ्यांनी दिसते. मोजमापाचेही तसेच. व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचायला पहिल्याच वर्षी शिकवतात, पण मायक्रोमीटर किती घट्ट धरायचा हे सांगून कळत नाही. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे रुजू लागली, तरी जुनी ब्रिटिश यंत्रे इंचातच होती. त्यामुळे त्या पिढीच्या अप्रेंटिसला मिलिमीटरबरोबर सूत आणि थाऊही ठाऊक असावे लागे : सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे हजारावा.

आठवड्यातले काही तास वर्गात जात. धंद्याचे तत्त्व, कार्यशाळेचे गणित, विज्ञान आणि अभियांत्रिकी रेखाटन हे विषय. ड्रॉइंग वाचता येणे हा मोठा टप्पा होता, कारण मुलाला समोरून, वरून आणि बाजूने काढलेल्या तीन आकृत्यांतून एक घन वस्तू डोळ्यांपुढे आणावी लागे. रोज काय केले ते वहीत लिहायचे, जॉबची आकृती काढायची, कोणते हत्यार वापरले, किती वेळ लागला ते नोंदवायचे आणि इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची. कामाची अशी नोंद ठेवणे कायद्यानेच मालकावर सोपवले होते. या वह्यांतल्या आकृत्या पुष्कळदा सुबक असत, आणि भाषा मात्र इंग्रजी-मराठीची सरमिसळ.

मूलभूत प्रशिक्षण संपले की मुलगा शॉपवर जातो, आणि तिथे त्याचे जग पालटते. शाळेत सगळे एका वयाचे; शॉपवर वीस-वीस वर्षे एकाच मशीनवर काढलेली माणसे. अप्रेंटिसला दर काही महिन्यांनी एका विभागातून दुसऱ्यात फिरवतात : टूल रूम, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट, असेंब्ली, देखभाल, तपासणी. प्रत्येक ठिकाणी नवा उस्ताद. चांगला उस्ताद भेटला तर लेथचे टूल ग्राइंडरवर कोणत्या कोनात धरायचे, कापताना चिपचा रंग निळा पडला तर काय समजायचे, बेअरिंगचा आवाज बदलला की कुठे पाहायचे, हे सगळे तो बोलता बोलता देऊन टाकी. काही जुने कामगार हातचे राखून ठेवत. आपली कला मुलाला दिली तर उद्या कंपनी आपल्या जागी त्यालाच बसवेल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. अप्रेंटिसकडून सुटे भाग पुसून घेणे, चहा आणायला पाठवणे, झाडू मारून घेणे हेही चाले. जागेच्या स्वच्छतेचा भाग सोडला तर त्यात शिक्षण काही नव्हते.

हत्यारांचा व्यवहार टूल क्रिबवर, म्हणजे हत्यारांच्या कोठारावर, चाले. प्रत्येकाला नंबर ठोकलेले पितळी बिल्ले मिळत. व्हर्निअर किंवा ड्रिल हवे असेल तर खिडकीत एक बिल्ला द्यायचा. क्रिबवाला तो हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवतो. पाळी संपताना हत्यार परत, बिल्ला परत. बिल्ला खिळ्यावर राहिला तर हत्याराची जबाबदारी त्या नंबरची. उमेदवारी संपताना सगळ्या विभागांच्या ‘देणे नाही’च्या सह्या घ्याव्या लागत आणि त्यात टूल क्रिबची सही सर्वांत अवघड. वस्तूची किंमत आणि हिशोब हे अनेक मुलांना इथे कळले.

कँटीन हा मोठ्या कारखान्याचा एक उदार भाग होता. सवलतीच्या दरातले जेवण आणि चहा खोलीवर राहणाऱ्या मुलांना आधार देई, आणि कामगार, अप्रेंटिस, ज्युनिअर इंजिनिअर एकाच छपराखाली जेवत, जरी टेबले पुष्कळदा वेगळी असत. गेटवर कार्ड पंच करावे लागे आणि काही मिनिटांच्या उशिराचीही नोंद होई. संपाच्या दिवसांत अप्रेंटिसची कोंडी होई. तो युनियनचा सभासद नसल्याने संपावर जाऊ शकत नसे, आणि आत गेला तर फाटकावरच्या कामगारांच्या नजरेला नजर देणे कठीण. तेच कामगार त्याचे उस्ताद असत.

१९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही कायद्यात आले. त्यांचे एक वर्ष वेगळ्या तऱ्हेचे असे आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचले. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात उमेदवारीला स्थान मिळाल्यावर जागांची संख्या वाढवण्यासाठी कारखान्यांवर दबाव आला. मोठ्या कंपन्या याशिवाय स्वतःचे पदवीधर प्रशिक्षणार्थी घेत. १९७४ मध्ये टेल्कोच्या अशाच एका जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले होते. बंगळुरूत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी त्यावर जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले, त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि त्या पुण्यात रुजू झाल्या. अभियंत्यांच्या पातळीवर दार असे किलकिले झाले. बाकावर आणि लेथवर मुली दिसायला मात्र आणखी दोन-तीन दशके जावी लागली. रात्रपाळीवरील कायद्याची बंदी, वेगळ्या स्वच्छतागृहांचा अभाव आणि आयटीआयतच मुलींना शिवणकामाकडे वळवण्याची सवय, ही त्याची कारणे होती.

मुदतीच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. प्रात्यक्षिकात ड्रॉइंग, कच्चा तुकडा आणि ठरावीक तास मिळतात. जॉब मापात बसला तर उत्तीर्ण. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातात आले की मुलगा कायद्याच्या दृष्टीने कुशल कारागीर होतो आणि त्याच दिवशी त्याचा गेटपासही संपतो. काही जणांना त्याच कारखान्यात सामावून घेतले जाई. १९७० च्या दशकात, कारखाने वाढत होते तेव्हा, हे प्रमाण चांगले होते. पुढे ते घसरले. मग काही महिन्यांची तात्पुरती नोकरी, मध्ये ब्रेक, पुन्हा बोलावणे आणि पुन्हा ब्रेक, अशी वर्षे जात. कायम होण्यासाठी सलग दिवस भरू नयेत, एवढ्यासाठीच हे ब्रेक असत. तीन वर्षे मन लावून शिकलेल्या मुलाला अशी वागणूक देणे हा त्या काळाचा मोठा दोष आहे आणि त्याची झळ हजारो घरांना लागली.

उत्तर प्रदेशातील एसटी महामंडळाच्या अप्रेंटिसांचा दावा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने नोकरीचा हक्क मान्य केला नाही. पण इतर गोष्टी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे, रोजगार विनिमय केंद्रातून नाव येण्याची अट त्याला लावू नये आणि वयात सवलत द्यावी असे सांगितले. सरकारी आणि निमसरकारी कारखान्यांतील भरतीवर या निकालाचा परिणाम झाला. महाराष्ट्रातही एसटीच्या कार्यशाळा, वीज मंडळ, रेल्वे इथले अप्रेंटिस पुढची अनेक वर्षे त्याचा आधार घेत आंदोलने करत राहिले.

ज्यांना मोठ्या कारखान्याने ठेवून घेतले नाही, त्यांतल्या पुष्कळांनी शिकलेले हात दुसरीकडे वापरले. १९७० च्या दशकापासून आखाती देशांत फिटर आणि वेल्डरना मागणी होती. भोसरी आणि चिंचवडच्या गाळ्यांमध्ये एखादा जुना लेथ, एखादे ड्रिल मशीन घेऊन जॉबवर्क करणारे छोटे कारखानदार उभे राहिले. त्यांतले अनेक जण पूर्वीचे अप्रेंटिस होते आणि ज्या कंपनीत शिकले, तिलाच सुटे भाग पुरवत होते. पिंपरी-चिंचवडचा पुरवठादार उद्योग एवढा दाट विणला गेला, यामागे मोठ्या कारखान्यांच्या प्रशिक्षण शाळांचा वाटा फार मोठा आहे.

१९९० च्या दशकात संगणक-नियंत्रित यंत्रे आली. सीएनसी लेथवर टूल कसे चालेल ते प्रोग्रॅम ठरवतो आणि ऑपरेटर जॉब लावतो, काढतो, मापतो. कानशीचे महिने त्यामुळे कमी झाले. टूल रूम आणि देखभाल विभागात ते टिकून राहिले, कारण साच्याचा शेवटचा हात अजूनही माणूसच मारतो. खुल्या अर्थव्यवस्थेत कारखान्यांनी कायम कामगार कमी केले, तसे अप्रेंटिसचे स्थान बदलले. शिकवण्यासाठी घेतलेला मुलगा आणि स्वस्तात काम करवून घेण्यासाठी घेतलेला मुलगा यांतला फरक पुसट होत गेला. २०१३ नंतर ‘नीम’ या कारखान्यांतील प्रशिक्षणाच्या योजनेखाली चाकण आणि रांजणगावच्या असेंब्ली लाइनवर असे प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने आले आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला एकाच जागी उभे राहून एकच बोल्ट आवळण्याचे काम आले.

कायद्यात २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. विद्यावेतन अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडून पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के असे ठरवले गेले. नियम मोडणाऱ्या मालकाची तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला, ज्याचे उद्योगांनी स्वागत केले आणि कामगार संघटनांनी विरोध. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देऊ लागले. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाच्या पातळीप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपयांचे किमान विद्यावेतन ठरवले, तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणे सक्तीचे केले आणि ही संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के असावी असे सांगितले. करार आता ऑनलाइन पोर्टलवर नोंदवला जातो आणि उमेदवारी कारखान्यांपुरती न राहता बँका, दुकाने, रुग्णालये इथपर्यंत गेली आहे. १९६१ चे अठरावे कलम मात्र मूळ रूपातच आहे, आणि अप्रेंटिस आजही कायद्याने कामगार नाही.